बांगड्या वाढल्या, बाई

मीरा आणि अर्णव,

गेल्या महिन्यात फोनवर अर्णवने विचारलं, "आजी, तू आजी व्हायच्या आधी काय होतीस?" मी म्हटलं, "मी माणसांची वजनं करायचे." अर्णव इतका हसला की फोन त्याच्या हातातून पडला आणि मला तुमच्या घराचं छत दिसायला लागलं. मीरा हसली नाही. छताकडून तिचा आवाज आला, "मग किती भरलं ते सगळ्यांसमोर सांगायचीस का गं?"

त्या प्रश्नाचं उत्तर मी तेव्हा दिलं नाही. दोन वाक्यांत देता आलं नसतं. नेमकं त्याच आठवड्यात इथल्या दिवाळी अंकाच्या संपादकबाईंचं पत्र आलं, की कामाच्या आठवणी लिहा. तेव्हा मी त्या तुम्हालाच लिहिते आहे. बाकीच्यांनी तुमच्या खांद्यावरून वाचाव्यात. एखादा शब्द अडला तर आईला विचारू नका, तिलाही येणार नाही. मला फोन करा.

मी मूळची साताऱ्याची. लग्न होऊन सांगलीला आले. इंग्रजी घेऊन बी. ए. झाले होते आणि त्या बी. ए.चा घरात उपयोग एवढाच होता, की औषधाच्या बाटलीवरचं वाचायला शेजारपाजारचे लोक माझ्याकडे यायचे. त्यातूनच नोकरी लागली. गावात एक धर्मादाय दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरांना परदेशातून एक तक्ता मिळाला होता: अमुक उंचीच्या माणसाचं वजन तमुक असावं. तक्ता इंग्रजीत, उंची फूट-इंचांत आणि वजन पौंडांत. तो किलो-सेंटिमीटरमध्ये उतरवून द्यायला आणि नंतर नोंदी ठेवायला त्यांना कुणीतरी नीटनेटकं हवं होतं. नीटनेटकेपणाबद्दल माझी ख्याती होतीच. तुमचे आजोबा म्हणायचे, हिने आमटीतल्या मोहऱ्याही ओळीने लावल्या असत्या.

डॉक्टरांचा विचार त्या काळाच्या पुढचा होता. आमच्याकडे माणसं उपासमारीने आजारी पडतात हे सगळ्यांना माहीत होतं. पण ऊस आला, पाणी आलं, तासगावकडे द्राक्षं आली, तशी काही घरांतून माणसं खाऊनही आजारी पडायला लागली होती. गुडघे, दम, साखर. अशी माणसं आजार वाढण्याआधी हुडकायची तर दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाचं वजन आणि उंची घ्यायला हवी. मग तो कानदुखीसाठी आलेला का असेना. हे माझं काम. दवाखान्यात रोज, आणि आठवड्यातून एकदा जीपमध्ये काटा घालून तासगावच्या बाजारादिवशी तिथल्या आमच्या केंद्रात.

तुम्हाला वाटेल, यात काय काम आहे? माणूस उभा राहतो, आकडा दिसतो. तुमच्या न्हाणीघरातल्या काट्याचं तसं असेल. आमचा काटा दांड्याचा होता, माझ्या खांद्याइतका उंच. दांड्यावर दोन सरकती वजनं, एक दहा-दहा किलोंच्या खाचांत बसणारं, दुसरं बारीक. दांडा अधांतरी स्थिर होईपर्यंत बोटाने सरकवत राहायचं. जीपच्या धक्क्यांनी तो रुसायचा. म्हणून मी त्याला गादीत गुंडाळून न्यायचे, आणि उतरल्यावर आधी रिकामा दांडा शून्यावर येतो का बघायचे, मग वीस किलोचं शिक्क्याचं लोखंडी वजन ठेवून वीसच दाखवतो का बघायचे. मगच पहिला माणूस.

आणि मग वजावट. कपडे उतरवून कोण उभं राहणार? म्हणून मी एक वही केली. घरून एक-एक वस्तू नेऊन रद्दीवाल्याच्या काट्यावर तोलली आणि लिहिली. नऊवारी सुती लुगडं, आठशे ग्रॅम. फेटा, तीनशे. चांदीचे तोडे, जोडी, पाचशे. तंबाखूची भरलेली चंची, शंभर. किल्ल्यांचा जुडगा, घराप्रमाणे. माणूस काट्यावर चढला, की मी त्याला नखशिखांत न्याहाळून मनात बेरीज करायचे आणि आकड्यातून वजा करायचे. माझा अंदाज पाव किलोच्या आत असतो, असं डॉक्टर लोकांना कौतुकाने सांगायचे. मला त्याचा गर्व होता. तो गर्व कुठे उतरला, तेच सांगायचं आहे.

पण आधी मीराच्या प्रश्नाचा पहिला भाग. हो, सुरुवातीला मी आकडा मोठ्याने सांगायचे. शाळेत बाई गुण वाचतात तसा. "त्र्याहत्तर!" लोक दचकायचे. आयांनी तर आठवड्याभरात मला वळण लावलं. लेकराचं वजन मोठ्याने सांगितलं तर दृष्ट लागते. एक बाई माझ्या तोंडावर हात ठेवायचीच बाकी होती, "आवं बाई, मनात म्हना की! दिष्ट लागंल पोराला." तेव्हापासून मी लहान मुलांचे आकडे नुसते लिहायला लागले.

मोठ्यांच्या बाबतीत मला अक्कल यायला वेळ लागला. एका गावचे सरपंच पडसं झालं म्हणून आले होते, बरोबर चार माणसं. काट्यावर चढले, अठ्ठ्याण्णव भरले. मी शहाणपणाने म्हटलं, "तुमचं वजन फार आहे. आता ते कमी करायला हवं."

सरपंच काट्यावरून उतरले. माझ्याकडे बघत राहिले. मग मागच्या माणसाला म्हणाले, "बघ रं गड्या, हितंवर पोचली ती मंडळी. दवाखान्यातनं माजं वजन कमी करायला निघाल्यात."

त्यांच्या तालुक्यात निवडणूक होती. वजन म्हणजे शब्दाला असलेली किंमत, हे मला मराठी असून सुचलं नव्हतं. डॉक्टरांनी चहा पाजून त्यांची समजूत काढली. पुढे ते दर वेळी दारातूनच ओरडायचे, "बाई, वजन हाय तेवढंच हाय न्हवं?"

आणि सैन्यभरतीच्या आधी यायची ती आटपाडीकडची तरणी पोरं. काटक, उंच, पण दीड-दोन किलोने कमी. आमचा काटा खरा म्हणून आधी इथे खात्री करून घ्यायची. कमी भरलं की बाहेर जाऊन डझनभर केळी खायची, पोट फुटेस्तोवर पाणी प्यायची आणि परत चढायची. मी लिहायचे काहीच नाही. फक्त म्हणायचे, "आता भरतीपर्यंत हसू नका."

एक गोष्ट मात्र सांगायला जड जाते. डॉक्टरांनी कार्डावर मारायला एक रबरी शिक्का करून घेतला होता. त्यावर एकच शब्द होता: लठ्ठ. तक्त्यापेक्षा वजन जास्त भरलं, की जांभळ्या शाईत तो मारायचा. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. बहुतेक बायकांना वाचता येत नव्हतं. एके दिवशी एका बाईबरोबर तिची पहिली-दुसरीतली मुलगी होती. नवीन वाचायला शिकलेली मुलं दिसेल ते वाचतात. तिने आईच्या हातातलं कार्ड घेतलं आणि बोट ठेवून मोठ्याने वाचलं, "ल... ठ्ठ." आणि वर आईकडे बघून आनंदाने, "आये, लठ्ठ! जोडाक्षर वाचलं मी." रांगेतल्या बायका हसल्या. ती बाईही हसली, पदर तोंडाला लावून. पण पुन्हा ती कधी आली नाही. शिक्का मी ड्रॉवरच्या तळाशी टाकला आणि कार्डाच्या कोपऱ्यात टिकलीएवढा ठिपका द्यायला लागले. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा म्हटलं, "शाई संपली." ती शाई पुढे कधीच आणली नाही.

आता हौसाबाईची गोष्ट.

तासगावजवळच्या एका वाडीतली ती. वय अठ्ठावीसच्या आसपास, नवरा फौजेत, घरात सासू आणि दोन लेकरं. धाकट्याच्या बाळंतपणानंतर तिच्या बेंबीपाशी आतडं बाहेर डोकवायला लागलं होतं. हर्निया. खोकली की लिंबाएवढं वर यायचं, झोपली की आत जायचं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, ऑपरेशन करायला हवं. ते आतडं एखाद्या दिवशी बाहेरच अडकलं, तर वाडीतून सांगलीला पोचेपर्यंत काही खरं नाही. पण आत्ता करता येणार नाही. पोटावर चरबी फार आहे, भूल देणं धोक्याचं आणि टाके धरणार नाहीत. चौऱ्याऐंशी किलो आहे. दिवाळीच्या आधी ऐंशीपर्यंत आण, मी नाव यादीत घालतो.

ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, "बाई, ऐंशी म्हंजी किती वो कमी?"

"चार किलो. एक पायली ज्वारी असते ना, साधारण तेवढं."

तिने मनात पायली उचलून बघितली असावी. म्हणाली, "धाकटा उचलून मागतोय. उचलता येत न्हाई मला. आत्ती त्याला मांडीवर नुसतं ठिवत्यात माज्या. तेवढी पायली उतरवते मी."

आत्ती म्हणजे सासू. त्या भागात सुना सासूला आत्ती म्हणतात.

डॉक्टरांच्या छापील यादीत टोस्ट, उकडलेली अंडी आणि सॅलड होतं. मी तो कागद बाजूला ठेवला आणि हौसाबाईला विचारलं, दिवसभरात काय काय खाता? ती सांगायला लागली तेव्हा कळलं, की हर्निया झाल्यापासून सासूने तिला रानात पाठवणं बंद केलं होतं. बसवून ठेवलं होतं, आणि बसवून खायला घालत होती. डिंकाचे लाडू, शिरा, भाकरीवर लोण्याचा गोळा. म्हणजे दुखण्यावर सासूचा जो उपाय होता, तोच डॉक्टरांच्या मते दुखण्याचा अर्धा भाग होता. आम्ही दोघींनी ठरवलं: भाकऱ्या पाचाच्या तीन, लाडू बंद, लोण्याऐवजी ताक, आणि रोज सकाळी विहिरीपर्यंत दोन फेऱ्या, रिकाम्या हाताने.

पहिल्या महिन्यात ती साडेब्याऐंशी भरली. दुसऱ्या महिन्यात एक्याऐंशी. दोन्ही वेळा एकटीच आली होती. मी आकडा तिच्या कानात सांगायचे आणि ती तो कुणीतरी खाऊ दिल्यासारखा पदरात धरून जायची. डॉक्टरांनी यादीत तिचं नाव घातलं.

तिसऱ्या महिन्यात ती सासूला घेऊन आली. सोनाबाई. लहानशी, काळीसावळी, ताठ चालणारी म्हातारी. "सांगलीला न्यायची म्हंता, तर बघावं म्हनलं दवाखाना," असं म्हणून ती बाकावर बसली आणि माझ्या प्रत्येक हालचालीवर नजर ठेवून राहिली.

हौसाबाई काट्यावर चढली. मी बारीक वजन सरकवलं. दांडा वर. आणखी सरकवलं. दांडा वरच. मी शून्य सकाळी तपासलं होतं. वीस किलोचं वजन ठेवून बघितलं होतं. एक लुगडं, पाटल्या, जोडवी, सगळी वजावट धरून त्र्याऐंशी.

एक्याऐंशीवरून त्र्याऐंशी.

मी आकडा कानात सांगितला तेव्हा तिचा चेहरा उतरला.  मग खाली बघून एकच वाक्य म्हणाली, "बांगड्या वाढल्या, बाई. दोन."

माझं डोकं त्या वेळी वाढ आणि घट यांनी इतकं भरलेलं होतं, की मी ऐकलं ते असं: बांगड्यांचा आकार वाढला, हात आणखी जाड झाले. काटाही तेच सांगत होता. मी कार्डावर नीट अक्षरात लिहिलं: वजन वाढ दोन किलो, हातही वाढले. आणि तिला, तिच्या सासूसमोर, मी म्हटलं, "हौसाबाई, काटा खोटं बोलत नाही. लाडू चालू झालेले दिसतात."

"न्हाई बाई. शपथ," ती म्हणाली.

"मग?"

तिने सासूकडे बघितलं आणि पदर आवळून घेतला. सोनाबाई माझ्या डोक्यावरच्या तक्त्याकडे बघत होती.

कार्ड डॉक्टरांपर्यंत गेलं. ते वाईट वागणारे नव्हते, पण त्यांच्याकडे महिन्याला मोजकीच ऑपरेशनं होती आणि रांग मोठी होती. त्यांनी यादीतलं तिचं नाव खोडलं. "दिवाळीनंतर बघू." दोघी केंद्राच्या पायऱ्या उतरून गेल्या. हौसाबाईचा एक हात पोटावर होता. पायरी उतरताना तो तसा ठेवायची सवय तिला लागली होती.

दुपारी दीड वाजता जेवणाची सुट्टी झाली. बाजारात वडाखाली जैतूनभाबी मणेर बसायची, बांगड्यांच्या माळा पसरून. तासगावात आले की मी तिच्याकडे बांगड्या भरायचे. तिच्यासारखा हात कुणाचा नाही. बोटं नुसती दाबून पाहायची आणि आकार सांगायची. तोंडही हाताइतकंच चालायचं.

"का ओ बाई, आज तोंड उतरलंय? हात सैल सोडा. काटा रुसला काय?"

"काटा नाही, माणसंच. मेहनत करतात करतात आणि मग शब्द मोडतात." आणि मी, माझ्या हातून व्हायला नको होतं तरी, नाव न घेता सांगितलं: चांगली दोन महिने उतरत होती, आता पुन्हा चढली. स्वतःच म्हणाली, बांगड्या वाढल्या.

जैतूनभाबीचा हात थांबला. "वाडीची हौसा? फौजीची?"

मी हातातल्या नव्या बांगड्यांकडे बघितलं.

"आवं बाई, तुमी एवढ्या शिकलेल्या! बांगडी वाढली म्हंजी काय? तुमच्यात बांगडी फुटली म्हंतात व्हय?"

मीरा, हे तुला समजावून सांगते. काचेची बांगडी फुटली असं आपण म्हणत नाही. बांगड्या फोडणं म्हणजे नवरा गेल्यावर करतात ते. म्हणून एखादी बांगडी नुसती तडकली तरी बायका तो शब्द टाळतात आणि म्हणतात, वाढली. हे मला लहानपणापासून माहीत होतं. माझ्या आईने मला फुटली म्हटल्याबद्दल चापट मारली होती. आणि वीस वर्षांनी, एका बाईने मला जे सांगितलं ते मी किलोग्रॅममध्ये ऐकलं होतं.

"महिन्याभरात दोन डाव आली माज्याकडं," जैतूनभाबी सांगत होती. "भाकरी थापताना हात वला, बांगडी निसटती, परातीवर पडती, वाढती. पावणेतीनची घालायची ती, आता अडीचची बसंल तिला. मी म्हनलं अडीचच्या भर. तर म्हातारी म्हनली, न्हाई, पावणेतीनच्याच घाल, बारकी बांगडी घातली तर वाडीभर हुईल. मग काय, मनगटाला दोरा गुंडाळून फिरती बिचारी. बाई, काटा तुमचा असू दे. पन हात मी दाबलाय तिचा. ती उतरली हाय."

मी एका हातात नव्या बांगड्या आणि दुसरा हात रिकामा, अशी एस. टी. स्टँडकडे निघाले. धावले म्हणायला हरकत नाही. त्या वेळी माझ्यासारख्या बाईने बाजारातून धावणं ही बघण्यासारखी गोष्ट होती, आणि लोकांनी बघितली.

दोघी वाडीच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. मी सोनाबाईंना म्हटलं, "कार्डावर अंगठा राहिलाय, आजी. दहा मिनिटं चला." आयुष्यात मी फार थोडं खोटं बोलले, त्यातलं हे एक. मला त्याचा अजून पश्चात्ताप नाही.

केंद्रात पडद्याआड नेऊन मी हौसाबाईला हळूच म्हटलं, "माझं चुकलं. तुम्ही सांगितलं ते मी ऐकलंच नाही. आता सांगा, अंगावर काय आहे?"

ती रडायला लागली. मग निऱ्या सोडल्या. वरच्या हिरव्या लुगड्याच्या आत दुसरं लुगडं. त्याच्या आत तिसरं. त्याच्या आत कमरेला चांदीचा पट्टा, आणि पट्ट्याखाली पोटाला जुन्या धोतराचे घट्ट फेरे. माझ्या वहीत एका लुगड्याची वजावट होती. तीन लुगडी एकावर एक नेसून कुणी काट्यावर चढेल, हे माझ्या नीटनेटक्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

आतल्या एका लुगड्यावर ती पुन्हा चढली. ऐंशी, आणि वर दोनशे ग्रॅम.

पडदा बाजूला झाला. सोनाबाई उभी होती. तिला सगळं कळलं होतं. मी रागावून बोलणार होते, शब्दही जुळवले होते, पण तीच आधी बोलली.

"माजी थोरली लेक हुती, बाई. सासरी वाळत गेली. दर सणाला यायची ती आदल्या सणापरास बारीक. मी तिच्या सासूला नाय नाय ते बोलले. लेक उपाशी ठिवली म्हनून गावभर तोंड वाजवलं. मग मिरजंला नेली, तवा कळलं छातीचं दुखणं हुतं. ती गेली. आन तिची सासू मला एवढंच म्हनली, मी घास दिल्याबिगर कवा जेवले न्हाई." तिने पदराने नाक पुसलं. "आता ही वाळाय लागली. पोरगा माजा लांब, बर्फात. एस. टी.त बायका हिच्याकडं बघत्यात आन मग माज्याकडं बघत्यात. म्हनून नेसवली लुगडी. दवाखान्यात नुसतं दुखणं बघत्यात वाटलं मला. तोलत्यात म्हनून ठावं न्हवतं."

"आत्ती, रडू नका," हौसाबाई म्हणाली. स्वतः मुसमुसत.

मी जुळवलेले शब्द सोडून दिले. काय सुचलं कोण जाणे, म्हटलं, "आजी, तुम्ही चढा बघू काट्यावर."

"मी? मला काय झालंय?"

"चढा तर."

ती चपला काढून देवळात शिरावं तशी चढली. मी मोठं वजन मागे, मागे, आणखी मागे नेलं. लुगडं आणि किल्ल्यांचा जुडगा वजा जाता सदतीस किलो.

हौसाबाईने माझ्या खांद्यावरून दांड्याकडे बघितलं. तिला आता खाचा वाचता येत होत्या. "आत्ती," ती म्हणाली, "माजं लाडू मी सोडलं, ते कुनी खाल्लं?"

"पोरांनी."

"आन लोणी?"

"पोरांनीच की. मला काय करायचंय लोणी?"

डॉक्टरांकडे मी दोन कार्डं घेऊन गेले. एकावर मी माझी दोन्ही वाक्यं खोडली होती आणि खाली लिहिलं होतं, चूक माझी, पुनर्वजन ऐंशी पूर्णांक दोन दशांश. त्यांनी विचारलं, काट्यात दोष होता का? मी म्हटलं, "नाही. काट्याने बरोबर सांगितलं. मीच भलत्या गोष्टीचं वजन केलं." त्यांनी नाव पुन्हा यादीत घातलं. दुसऱ्या कार्डावर त्यांनी स्वतः लिहिलं: सोनाबाई, दोन भाकऱ्या जास्त, लोण्यासकट, सुनेने समोर बसून खाऊ घालणे. त्या दिवसापासून माझ्या कार्डावर उंची आणि वजनाखाली मी तिसरी ओळ आखली: बांगडी. पावणेतीन, अडीच, सव्वादोन. तक्ता बनवणाऱ्यांना ती माहीत नव्हती. आमच्याकडच्या बायकांना आपला आकडा तोच माहीत होता, आणि तो सांगायला कुणी लाजत नसे.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सांगलीला एक अडचण उभी राहिली. आत नेण्यापूर्वी हातातल्या बांगड्या काढायला लागतात. काचेच्या घट्ट बांगड्या निघत नाहीत. मग नर्स साबण लावते, तरी नाही निघाल्या तर त्या कापडात धरून वाढवतात. दोऱ्याने बांधलेल्या बांगड्या नर्सला घट्टच वाटल्या, आणि हौसाबाईने दोन्ही हात पदराखाली ओढून घेतले. आता कळलं, की इतके दिवस तिला भीती कसली होती. ऑपरेशनची नव्हे. नवरा सीमेवर, आणि आपल्या हातातल्या बांगड्या दवाखान्यात कुणी तरी फोडणार, ह्याची. ती कुणाला बोलली नव्हती. तो शब्द तोंडातून काढायलाच ती तयार नव्हती.

नर्स साबण आणायला गेली. मी हौसाबाईच्या मनगटांवरचा दोरा सोडला आणि म्हटलं, "हात खाली करा. सैल सोडा." जैतूनभाबी म्हणते तसं.

पावणेतीनच्या सहाही बांगड्या एकापाठोपाठ एक माझ्या ओंजळीत उतरल्या. अख्ख्या. सोनाबाईने डोळे मिटून घेतले होते, ते आवाज झाला नाही म्हणून उघडले.

"ह्या रिकाम्या ठिवू नका, बाई," ती म्हणाली. "हातात घाला तुमी. ती बाहेर येस्तोवर."

मी घातल्या. माझं मनगट बारीक, सव्वादोनचं. हात खाली केला असता तर सगळ्या घरंगळल्या असत्या. म्हणून दोन तास मी हात कोपरात मोडून, वर धरून, बाहेरच्या बाकावर बसले. शेजारी सोनाबाई. मधूनमधून ती माझ्या हाताला खालून आधार द्यायची.  दोन तासांनी डॉक्टर बाहेर आले, त्यांनी माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाले, "उतरवा आता. ती विचारते आहे."

पुढच्या उन्हाळ्यात बाजारादिवशी हौसाबाई केंद्रात आली ती धाकट्याला काखेत घेऊन. जैतूनभाबीने अडीचच्या भरल्या होत्या. माझ्या टेबलावर तिने जुन्या सहांतली एक ठेवली आणि म्हणाली, "पाच आत्तीनं देवापाशी ठिवल्या. ही तुमची. माज्या हाताला आता ती हुनार न्हाई." मग काखेतलं पोर काट्यावर उभं केलं आणि माझ्याकडे डोळे वटारून म्हणाली, "मनात म्हना, बाई."

तर मीरा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर. सुरुवातीला मी सगळ्यांसमोर सांगायचे. मग कानात सांगायला शिकले. आणि नंतर हे शिकले, की आकडा सांगण्याआधी काट्यावरच्या माणसाला विचारायचं, काय झालं? आणि ती जे सांगेल ते तिच्या भाषेत ऐकायचं. मी सगळ्यांचं ऐकलं असेन असं नाही. ती जोडाक्षर वाचणारी मुलगी आता साठीच्या आसपास असेल. तिच्या आईचं कार्ड तेवढं माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

दवाखाना आता नाही. त्या जागी दुकानं आहेत. काटा मोडीत गेला. त्याचं वीस किलोचं वजन कुणी नेलं ते मला माहीत नाही. शिक्का मी चुलीत घातला. वजावटीची वही आहे. कपाटात वरच्या कप्प्यात, वहीच्या शेजारी रुमालात गुंडाळलेली पावणेतीनची हिरवी बांगडी आहे. अजून वाढलेली नाही.